लेकुरवाळी खेकडी आणि कायद्यातला मासा

गेल्या वर्षी मृगाचा पहिला दमदार पाऊस होऊन दोन दिवस झाले होते आणि मी मराठवाड्यातल्या आमच्या तालुक्यातील एका पाझर तलावाच्या सांडव्याखाली, नाल्याच्या ओल्या काठावर उभा होतो. तलावाचा ठेका असलेल्या मच्छीमार संस्थेचे एक जुने सभासद आहेत. त्यांना सगळे मामा म्हणतात. त्यांनी दगडाखाली हात घालून एक खेकडी बाहेर काढली, तिच्या दोन्ही नांग्या मागून दाबून धरल्या आणि तिला उलटी करून माझ्यासमोर आणली. नराच्या पोटावरची पट्टी निमुळती, त्रिकोणी असते. मादीची रुंद, गोलसर आणि जवळजवळ सगळे पोट झाकणारी असते. मामांनी ती पट्टी नखाने जराशी उचलली. आत मसुराच्या डाळीएवढी, फिकट, काचेसारखी पिल्ले एकमेकांना बिलगून बसली होती. प्रत्येकाला इवल्याशा नांग्या होत्या, प्रत्येकाला पाय होते, आणि उजेड पडताच ती सगळी एकदम आत सरकली. “ही लेकुरवाळी हाय, वकीलसाहेब. हिला घेत नसतेत,” एवढे बोलून मामांनी तिला त्याच दगडापाशी सोडले आणि हात धुतले.

त्याच आठवड्यात बाजाराच्या दिवशी मी मुद्दाम मासळीच्या रांगेतून फिरलो. एका टोपलीत खेकडे होते, त्यांत मादी अधिक होत्या. गिऱ्हाइकाने “साफ करून द्या” म्हटल्यावर विकणाऱ्या बाईंनी सराईतपणे पट्टी मोडली, आत चिकटलेली पिल्ले काडीने खरवडली आणि बाजूच्या गटारीत झटकली. सारे मिळून अर्धा मिनिट लागला असेल. त्या बाईंना मी दोष देत नाही. त्यांनी तो माल पहाटे कुणाकडून तरी विकत घेतला होता आणि संध्याकाळपर्यंत विकला गेला नसता तर तो त्यांच्या अंगावर पडला असता. परंतु मामांनी जे सोडले आणि बाजारात जे खरवडले गेले, त्या दोहोंमध्ये कायद्याची एकही ओळ उभी नाही, ही गोष्ट वकील म्हणून मला तेव्हापासून बोचत राहिली आहे. विणीच्या काळातल्या कवचधारी जलचरांना, म्हणजे आपल्याकडे प्रामुख्याने खेकडे, झिंगे आणि शिंपले यांना, व्यापारी मासेमारीपासून कायद्याचे संरक्षण कसे देता येईल, याविषयी मी वर्षभर जे वाचले आणि आमच्या या मच्छीमार संस्थेने त्यातून जे केले, ते येथे सविस्तर मांडत आहे.

प्रथम कायद्याचे शब्द पाहू. भारतीय मत्स्य अधिनियम १८९७ सालचा आहे. त्याच्या व्याख्येच्या कलमातच ‘मासा’ या शब्दात कवचधारी जलचरांचा समावेश होतो, असे स्पष्ट लिहिलेले आहे. म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वीच्या कायद्याच्या नजरेला खेकडा हा मासाच होता. त्याच अधिनियमाने प्रांतिक सरकारांना नियम करण्याचा अधिकार दिला: जाळ्याचा प्रकार आणि आकार ठरवावा, नदीत कायमचे अडथळे बांधण्यास मनाई करावी आणि एखाद्या ठरावीक पाण्यात सर्व प्रकारची मासेमारी जास्तीत जास्त दोन वर्षे बंद ठेवावी. सुरुंग लावून मासे मारणाऱ्यास दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड होता. त्या काळी ती रक्कम लहान नव्हती. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता आणि १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत तिथेच राहिला, त्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे आपल्याकडे जसेच्या तसे लागू नव्हते, हे लक्षात ठेवले पाहिजे. पुढे महाराष्ट्राने १९६० चा स्वतःचा मत्स्यव्यवसाय अधिनियम केला. तरीही १८९७ च्या व्याख्येकडे मी पुन्हा पुन्हा वळतो, कारण खेकडा हा ‘मासा’ आहे की नाही, हा प्रश्न मला संस्थेच्या सभेत खरोखर विचारला गेला होता.

दुसरा कायदा वन्यजीव संरक्षण अधिनियमाचा आहे, १९७२ चा. त्यातील ‘प्राणी’ या शब्दाच्या आजच्या व्याख्येत सस्तन प्राणी, पक्षी, सरपटणारे प्राणी, उभयचर आणि मासे यांच्याबरोबर अपृष्ठवंशीय जीवही येतात आणि त्या सगळ्यांची पिल्ले व अंडीसुद्धा येतात. ‘पिल्ले व अंडी’ हे शब्द मी वाचले तेव्हा मामांनी उचललेली ती पट्टी माझ्या डोळ्यांसमोर आली. पैठणच्या नाथसागराचा परिसर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. लोक त्याला फ्लेमिंगोंमुळे ओळखतात. पण कायद्याच्या अर्थाने अभयारण्याच्या हद्दीतली खेकडी आणि तिच्या पोटाखालचे प्रत्येक पिल्लू हे प्राणीच आहे. तेथील मुग्धबलाक, म्हणजे चोचीत फट असलेला करकोचा, मुख्यतः शंख-शिंपल्यांवर जगतो. म्हणून पक्षी राखायचे तर शिंपला राखणे ओघानेच येते. अभयारण्याच्या बाहेर मात्र, म्हणजे मराठवाड्यातील बहुतेक सगळ्या तलावांवर, नाल्यांवर आणि दुधना, पूर्णा, मांजरा, सिंदफणा यांच्या पात्रांत, ही व्याख्या हातात धरून काही करता येत नाही.

समुद्राकडे पाहिले तर तिथे विचार बराच पुढे गेलेला दिसतो. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ चा आहे आणि जून-जुलैत यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, हे आता सर्वांना माहीत आहे. २००३ मध्ये केंद्र सरकारने निर्यातीसाठी शेवंडाचे, म्हणजे लॉबस्टरचे, किमान वजन ठरवून दिले. महाराष्ट्र-गुजरातच्या किनाऱ्यावर मिळणाऱ्या प्रमुख जातीसाठी ते ३०० ग्रॅम आहे. २०२३ मध्ये राज्य शासनाने ५४ प्रजातींसाठी किमान आकारमान अधिसूचित केले. ही पावले उशिरा पडली, असे माझे मत आहे. मुंबईजवळच्या समुद्रात मिळणारी चपट्या जातीची शेवंड ट्रॉलरच्या जाळ्यांत वर्षानुवर्षे अंड्यांसह निघत राहिली आणि गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात ती मासेमारी अक्षरशः कोसळली. त्या वेळी अंडीवाल्या मादीला परत सोडण्याचा साधा नियम असता आणि तो पाळला गेला असता, तर काही तरी उरले असते असे वाटते.

अंडीवाल्या मादीविषयीचा नियम हा सर्वांत जुना आणि माझ्या मते सर्वांत न्याय्य नियम आहे. अमेरिकेच्या मेन राज्यात १८७२ पासून अंडी असलेली शेवंड विकायला बंदी आहे. तिथल्या कोळ्यांनी पुढे एक पद्धत रूढ केली: अंडीवाली मादी जाळीत सापडली की तिच्या शेपटीच्या एका पाकळीवर इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच पाडायची आणि तिला पाण्यात सोडायचे. नंतर ती कुणालाही सापडली, त्या वेळी तिच्याजवळ अंडी नसली, तरी खाच पाहून तिला सोडावेच लागते. या खाचेमागे एक कटू अनुभव आहे. नुसती ‘अंडी असलेली मादी विकू नये’ एवढीच बंदी असली की काही जण अंडी घासून काढतात आणि मादी ‘मोकळी’ म्हणून विकतात. खाच मात्र घासून जात नाही. इंग्लंडने अंडीवाल्या शेवंडींना किनाऱ्यावर उतरवण्यास मनाई केली ती १ ऑक्टोबर २०१७ पासून, म्हणजे अगदी अलीकडे. आपल्या देशातले उदाहरण हवे असेल तर केरळमधील अष्टमुडी कायलाचे, म्हणजे समुद्रालगतच्या खाऱ्या जलाशयाचे, घ्यावे. तिथे तिसऱ्या नावाच्या शिंपल्यांच्या विणीच्या दिवसांत, डिसेंबर ते फेब्रुवारी, त्या काढणे बंद असते, जाळीची भोके किती मोठी असावीत हे ठरलेले आहे, आणि २०१४ मध्ये शाश्वत मासेमारीचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळवणारी ती भारतातली पहिली मासेमारी ठरली.

हे सगळे वाचून मी संस्थेसाठी पहिला मसुदा केला तेव्हा त्यात खेकड्याचा किमान आकार घातला होता: इतक्या सेंटिमीटरपेक्षा लहान खेकडा धरू नये. मामांनी तो ऐकला आणि शांतपणे म्हणाले, “साहेब, लहान राहू द्या की. मोठ्या मादीलाच तर लेकरं असतेत.” माझा मसुदा तिथेच मोडला, आणि तो मोडणे योग्य होते. किमान आकाराचा नियम समुद्रात उपयोगी पडतो, कारण तिथे प्रत्येक जिवाला निदान एकदा वीण करण्याची संधी मिळावी एवढाच त्याचा हेतू असतो आणि एकेक मादी लाखांनी अंडी घालते. समुद्रातल्या खेकड्याची सूक्ष्म पिल्ले पाण्याबरोबर दूरवर वाहत जातात. एका खाडीतली मादी मारली गेली तरी दुसऱ्या खाडीतून पिल्ले येऊ शकतात.

आपल्या गोड्या पाण्यातल्या खेकडीचे तसे नाही. ती अंडी घालते ती काही शेकड्यांच्या आत, पण एकेक अंडे बाजरीच्या दाण्यापेक्षा मोठे असते. पाण्यात तरंगणारी अवस्था तिच्या पिल्लांना नसतेच. अंड्यातच पिल्लू पूर्ण खेकड्याच्या रूपाला येते, बाहेर पडल्यावरही काही दिवस आईच्या पोटपट्टीखाली राहते आणि सुटल्यावर त्याच नाल्याच्या, त्याच ओढ्याच्या दगडांत आपले बीळ शोधते. नाल्यातली लेकुरवाळी मादी गेली की त्या नाल्याची पुढची पिढी गेली. शेजारच्या नाल्यातून ती भरून येईल असे धरून चालता येत नाही. म्हणून समुद्रासाठी लिहिलेला नियम आपल्याकडे उतरवून घेणे पुरेसे नाही. आपला नियम आईपासून सुरू झाला पाहिजे.

वेळेचाही प्रश्न आहे, आणि इथे आपल्या रूढीने मदत करण्याऐवजी थोडी हुलकावणी दिली आहे. श्रावणात बरीच घरे मांस-मासळी वर्ज्य करतात आणि त्यामुळे पावसाळ्यात जलचरांना आपोआप विसावा मिळतो, असे मोठ्या विश्वासाने सांगितले जाते. चढणीच्या माशांच्या बाबतीतही हे पूर्ण खरे नाही आणि खेकड्याच्या बाबतीत तर नाहीच. आमच्या भागात खेकडी पिल्लांसह दिसते ती रोहिणीपासून मृग आणि आर्द्रापर्यंत, म्हणजे मे संपताना सुरू होऊन जूनभर आणि जुलैच्या सुरुवातीला. पहिल्या पावसाने बिळात पाणी शिरते, ती बाहेर येते आणि अगदी त्याच दिवसांत लोक कंदील, बॅटऱ्या आणि आकडी घेऊन नाल्यांवर उतरतात. पुढे आखाड लागतो, तेव्हा श्रावणापूर्वी खाऊन घ्यायचे म्हणून मागणी शिगेला जाते आणि भाव चढतात. श्रावण येतो तोवर पिल्ले एकतर सुटून गेलेली असतात, नाहीतर खरवडली गेलेली असतात. संयम आपल्या परंपरेत आहे. तो महिनाभर आधी हवा होता, एवढेच.

घरच्या कालवणापुरते दोन-चार खेकडे धरणाऱ्या शेतमजुराविरुद्ध मला काही म्हणायचे नाही. खेकड्याचा रस्सा सर्दी-खोकल्यावर देतात, बाळंतिणीलाही देतात, आणि ज्याच्या घरी मटण आणायची ऐपत नाही त्याच्यासाठी मृगातला खेकडा हे फुकटचे सकस अन्न आहे. माझा आक्षेप व्यापाराला आहे. अलीकडे काही ठिकाणी रात्रीतून पोती भरून खेकडे गोळा होतात आणि पहाटेच्या गाडीने मोठ्या शहरांकडे जातात. पोत्यात मादी कोणती, नर कोणता, हे कोण पाहणार? म्हणून नियम लागू व्हायचा असेल तर तो पोत्याच्या तोंडाशी नव्हे, त्याच्याही आधी, खेकडा पहिल्यांदा हातात येतो त्या क्षणी लागू झाला पाहिजे. सुदैवाने गोड्या पाण्यातली लेकुरवाळी खेकडी त्या क्षणी ओळखता येते. त्यासाठी ना फूटपट्टी लागते, ना वजनकाटा, ना निरीक्षक. पट्टी उचलली की कळते.

संस्थेच्या उपविधीत दुरुस्ती करायची तर ती निबंधक कार्यालयात नोंदवावी लागते आणि त्याला वेळ लागतो; म्हणून आम्ही आधी सर्वसाधारण सभेत ठराव घेतला. त्यातील मुख्य वाक्य मामांच्या शब्दासकट असे आहे: “पोटपट्टीखाली अंडी किंवा पिल्ले असलेली लेकुरवाळी खेकडी कोणत्याही सभासदाने धरू नये, धरली गेल्यास जागीच सोडावी, तसेच जिची पोटपट्टी मोडलेली किंवा खरवडलेली आहे अशी मादी मे ते जुलै या काळात विक्रीस आणू नये.” वाक्याचा दुसरा भाग मेनच्या खाचेवरून सुचला. अंडी काढून टाकून नियमातून निसटण्याची वाट बंद व्हायची असेल, तर खरवडलेली पट्टी हाच पुरावा मानला पाहिजे. ‘लेकुरवाळी’ हा शब्द ठरावात असावा की नाही, यावर चर्चा झाली. एका तरुण सभासदाचे म्हणणे होते की सरकारी कागदात तो शोभणार नाही, तिथे ‘प्रजननक्षम मादी’ असे लिहावे. मी त्याला समजावले की प्रजननक्षम मादी म्हणजे कोणतीही वयात आलेली मादी. तो शब्द लिहिला तर सगळ्याच मोठ्या माद्या सोडाव्या लागतील आणि मग कुणीच नियम पाळणार नाही. लेकुरवाळी म्हणजे जिच्या अंगावर लेकरे आहेत ती. कायद्याला इतका नेमका शब्द सहसा मिळत नाही.

सभेत दोन हरकती आल्या आणि दोन्ही गंभीर होत्या. एका शेतकऱ्याने विचारले की खेकडे बांध पोखरतात, मग त्यांना वाचवायचे कशाला. जुलै २०१९ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात तिवरे धरण फुटून जीवितहानी झाली, तेव्हा तत्कालीन जलसंधारणमंत्र्यांनी खेकड्यांकडे बोट दाखवले होते आणि त्यावर राज्यभर टीका झाली होती. धरणफुटीचा दोष खेकड्यावर टाकणे मला तेव्हाही पटले नव्हते. परंतु मातीच्या बांधात बीळ होते आणि पाझर तलावाच्या बांधावर त्याकडे दुर्लक्ष करता येत नाही, हे मान्य करावेच लागेल. म्हणून ठरावात जोडवाक्य घातले: बांधाच्या मातीत लेकुरवाळी सापडली तर तिला तिथे न सोडता वरच्या अंगाच्या नाल्यात, दगडांत नेऊन सोडावे. दुसरी हरकत अशी होती की संस्थेचे सभासद सोडून देतील आणि रात्री बाहेरची पोरे तेच खेकडे घेऊन जातील. याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. ठराव सभासदांनाच बांधतो. बाहेरच्या व्यापारी गोळा करणाऱ्यांसाठी जैवविविधता अधिनियम, २००२ कडे पाहावे लागेल, कारण त्याच्या मूळ रचनेत स्थानिक जैवविविधता व्यवस्थापन समितीला आपल्या हद्दीतून व्यापारासाठी जैविक संसाधने गोळा करणाऱ्यांवर शुल्क आकारण्याची मुभा दिलेली आहे. गावोगाव या समित्या कागदावर आहेत. आमच्या गावातील समितीच्या नोंदवहीत झाडांची आणि पक्ष्यांची नावे आहेत, खेकडा मात्र नाही. त्याचे नाव तिथे चढवण्याचा अर्ज मी दिला आहे.

शिंपल्यांचे प्रकरण याहून अवघड आहे आणि तिथे मी अजून शिकतो आहे. गोड्या पाण्यातील मोठा शिंपला आपली अंडी कल्ल्यांत सांभाळतो. त्यातून निघणारे सूक्ष्म डिंभ, म्हणजे अगदी कोवळ्या अवस्थेतली पिल्ले, पाण्यात सुटतात आणि एखाद्या माशाच्या कल्ल्याला किंवा परांना चिकटून काही दिवस त्याच्यावरच वाढतात, मग गळून तळाच्या वाळूत बसतात. म्हणजे शिंपल्याची वीण राखायची तर त्याला अंगावर वाहून नेणारा मासाही राखावा लागतो आणि तो जिथे बसेल ती वाळूही. गोदावरीच्या पात्रातून वाळू कशी आणि किती जाते, हे काठावरच्या कुणालाही वेगळे सांगायला नको. त्यातच मोत्यांच्या शेतीची ओढ वाढली आहे. शेततळ्यात मोती पिकवणे हा चांगला जोडधंदा आहे आणि भुवनेश्वरच्या संशोधन संस्थेने त्याचे शास्त्र विकसित केले आहे. परंतु त्यासाठी लागणारे शिंपले बहुतेक वेळा नदीतून आणि तलावातूनच उचलले जातात. मोठे, निरोगी, पूर्ण वाढलेले शिंपले निवडून घेतात, म्हणजे वीण करणारेच घेतात. मागच्या हिवाळ्यात एक व्यापारी आमच्या तलावावर नगावर भाव सांगून गेला. संस्थेने त्याला थांबवून ठेवले आहे, कारण शिंपल्यांसाठी बंदीचे महिने कोणते लिहायचे, हे आम्हाला ठरवता आलेले नाही. खेकडीची पट्टी उचलली की कळते. शिंपल्याचे तसे नाही, तो बाहेरून बारा महिने सारखाच दिसतो.

म्हणून मामांनी आणि मी एक वही केली आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ठरलेल्या एकाच जागेवरचे पाच शिंपले उचलायचे, बोथट पात्याने कवच बोटाच्या पेराहूनही कमी उघडायचे, कल्ले फुगून जाड आणि पिवळसर झाले आहेत का ते पाहायचे, लिहायचे आणि त्यांना पुन्हा त्याच वाळूत, जसे होते तसे उभे रोवायचे. आतापर्यंत चार महिन्यांची पाने भरली आहेत. वर्ष पूर्ण झाले की त्यातून जे महिने निघतील ते पुढच्या सर्वसाधारण सभेसमोर ठेवू. तोपर्यंत ठरावातील शिंपल्यांच्या कलमात महिन्यांची जागा मोकळी सोडलेली आहे.